कुरडई, पाला आणि शेरडं

यंदाच्या मे महिन्यात माणदेशाला ऊन मिळालंच नाही. पहिल्या पंधरवड्यातच वळवानं ठाण मांडलं. 24 मे 2025 ला मोसमी पाऊस केरळात पोचला, दुसऱ्या दिवशी कोकणात उतरला आणि 26 तारखेला मुंबईत हजर झाला. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची नोंद नाही. आधीचा विक्रम 29 मे 1956 चा होता. फलटण, बारामती, माण या एरवी टँकरची वाट पाहणाऱ्या पट्ट्यात ओढे दुथडी वाहिले. मे महिन्यात विहिरीचा तळ पाण्याखाली गेलेला दिसणं ही इथल्या माणसाच्या आयुष्यात केवढी गोष्ट आहे, हे वेगळं सांगायला नको. तो आनंद खराच होता. पण त्याच दिवसांत वस्त्यावस्त्यांवर बाया वाळवणाच्या साड्यांची चार टोकं धरून घरात पळत होत्या. त्या साड्यांवर कुरडया होत्या, सांडगे होते, घरच्या डाळी होत्या आणि शेरडांसाठी साठवायचा पाला होता. त्या दिवसांत जे भिजलं, बुरसटलं आणि उकिरड्यावर गेलं ते कुठल्याही पंचनाम्यात आलं नाही.

माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस 450 ते 500 मिलिमीटर, तोही कधी पडेल याचा भरवसा नाही. पाण्याची टंचाई इथल्या लोकांच्या वाट्याला आली तशी कोरडी हवाही आली, आणि तिचा उपयोग बायांनी पिढ्यानपिढ्या करून घेतला. वाळवणाला ऊन लागतं असं आपण म्हणतो, पण नुसतं ऊन पुरत नाही. मे महिन्यात रत्नागिरीचं ऊनही कडक असतं. तरी तिथं फणसपोळी आणि आमसुलं सुकवताना दिवसामागून दिवस जातात, कारण समुद्राची दमट हवा पाणी उचलून न्यायला तयार नसते. माणच्या माळावर दुपारचा वारा सुटला की सकाळी घातलेली कुरडई दुसऱ्या संध्याकाळी वाजायला लागते. जुन्या माळवदी घरांची सपाट धाबी हे इथलं हक्काचं वाळवणघर होतं. आता धाब्यांच्या जागी सिमेंटचे स्लॅब आले. ते जास्त तापतात, त्यामुळे काही पदार्थ लवकर वाळतात आणि काही तडकतात, एवढाच फरक.

म्हसवड-दहिवडी पट्ट्यातल्या ज्या वस्तीवर बसून मी हे समजून घेतलं, तिथं अडीच एकर रान आहे, एक बोअर आहे आणि पाच दुभती शेरडं. माणदेशात शेळीला शेरडूच म्हणतात. घरात सासू, सून आणि शाळेत जाणारी दोन मुलं. सासूबाईंचा मुलगा पुण्यात गाडी चालवतो. पाचही शेरडं काळी, लोंबत्या कानांची, उस्मानाबादी रक्ताची. महाराष्ट्राच्या मान्यताप्राप्त शेळ्यांच्या जाती चार: उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ आणि बेरारी. त्यांतली उस्मानाबादी जुळी करडं देण्यासाठी नावाजलेली. दूध दिवसाला अर्धा लिटर ते दीड लिटर, खाणं कसं मिळतं त्यावर. 2019 च्या पशुगणनेनुसार राज्यात 1 कोटी 6 लाख शेळ्या आहेत, देशात 14 कोटी 89 लाख. यातल्या फार मोठ्या भागाचं पोट अशाच दोन-पाच शेरडांच्या घरांवर चालतं, आणि त्या घरात शेरडांचं पाहणारी बहुतेक वेळा बाईच असते. दूध डेअरीला जात नाही. चहाला, मुलांना, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जातं; उरलं तर शेजारी. विकायचा तो बोकड.

अशा घरात माणसाचं वाळवण आणि जनावराचं वाळवण वेगळं काढता येत नाही. अंगण तेच, ऊन तेच, राबणारे हातही तेच. आणि एकाचं जे उरतं ते दुसऱ्याच्या तोंडी जातं.

वर्षाची सुरुवात पौषात हरभऱ्यापासून होते. हरभरा वीतभर झाला की शेंडे खुडायचे. खुडल्यानं झाड फुटवे धरतं, घाटे वाढतात आणि भाजीही मिळते. पानांवर आंब असते. ती साडीला लागली तर कापड विरतं, म्हणून खुडायला जाताना कमरेला जुनं धडपं गुंडाळतात. हा पाला धुवायचा नाही, धुतला की आंबटपणा गेला. तो उन्हातही घालायचा नाही. घरात, हवा खेळती असेल अशा कोपऱ्यात पातळ पसरून सावलीत वाळवायचा, म्हणजे हिरवा राहतो. चुरा होण्याच्या बेतात आला की मडक्यात किंवा डब्यात. चैत्र-वैशाखात, जेव्हा रानात हिरवं पान दिसत नाही, तेव्हा शेंगदाण्याचं कूट घालून त्याची पातळ भाजी होते आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर अख्खं घर जेवतं. निवडताना निघालेल्या जाड काड्या आणि पिवळी पानं शेरडांच्या पाटीत पडतात. गवार, वांग्याच्या फोडी, चवळीच्या शेंगाही याच काळात सुकवल्या जातात, पण हरभऱ्याच्या पाल्याइतका मान कुणाला नाही.

त्याच सुमारास तूर निघते. तुरीचं भुसकट हा शेरडांचा खाऊ आहे. मळणीनंतर राहिलेली पानं, शेंगांची टरफलं, बारीक काड्या, सगळं पोत्यात दाबून भरतात. पाठोपाठ हरभऱ्याचं भुसकट येतं. मटकी आणि हुलग्याचं खरिपाच्या शेवटी येऊन गेलेलंच असतं. शेंगवर्गातल्या पिकांच्या या भुसकटात ज्वारीच्या कडब्यापेक्षा कितीतरी जास्त प्रथिनं असतात. गाय-बैल असलेल्या घरी कडब्याची गंज ही ऐपतीची खूण मानली जाते. शेरडं असलेल्या घरी भुसकटाची पोती मोजावीत. शेळी कडब्याचं ताट खात नाही असं नाही, पण पानं ओरबाडून दांडा टाकून देते.

शेळीच्या खाण्याची ही तऱ्हा समजून घेतली नाही तर तिच्यासाठी केलेलं सगळं वाळवण पायदळी जातं. शेळी वरचं खाणारी. तिचं तोंड झुडपाच्या उंचीवर चालतं. जमिनीवर टाकलेली वैरण तिनं एकदा तुडवली, त्यावर लेंडी पडली, की ती पुन्हा त्या वैरणीला तोंड लावत नाही. म्हणून या वस्तीवर पाल्याच्या जुड्या बांधून ठेवतात आणि खायला घालताना आढ्याला टांगतात, शेरडाच्या कपाळाच्या जरा वर. मान उंचावून, कधी पुढचे दोन्ही पाय भिंतीला टेकवून, ती एकेक पान ओढून घेतात. खाली फार थोडं पडतं. पानं संपलेल्या काड्या दुसऱ्या दिवशी चुलीत.

जुड्या शेवरीच्या, सुबाभळीच्या, बोरीच्या. सुबाभूळ जपून घालावी लागते. तिच्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, जास्त झालं की केस झडतात आणि प्रकृती ढासळते, म्हणून एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच. सासूबाईंना मिमोसिन हा शब्द ठाऊक नाही, पण सुबाभळीच्या एका जुडीमागं दोन जुड्या दुसऱ्या कशाच्या तरी, हा त्यांचा नेम आहे, आणि हिशेब तोच येतो.

बोअरच्या कडेला चार-पाच गुंठ्यांवर लसूणघास आहे. घास वाळवणं हे या घरातलं सगळ्यांत नाजूक काम. हिरव्या घासात 100 किलोमागे साधारण 80 किलो पाणी असतं. ते उडून दमटपणा 15 टक्क्यांवर आला की टिकाऊ वाळलेला चारा तयार होतो. म्हणजे 100 किलो हिरव्यातून हाती येतो तो 23-24 किलो. पाच शेरडांना उन्हाळ्याचे तीन महिने रोज अर्धा-अर्धा किलो वाळला घास द्यायचा, तर सव्वादोनशे किलो लागतो आणि त्यासाठी साडेनऊशे किलो हिरवा कापावा लागतो. कापणी फुलं नुकती दिसू लागली की करायची. उशीर झाला तर काडी लाकडासारखी होते, घाई केली तर वजन भरत नाही. आणि घासातलं सगळं सत्त्व पानात. पान काडीच्या आधी वाळतं. काडी वाळायची वाट पाहत भर उन्हात ठेवला तर हात लावताच पानं झडतात आणि पदरी काड्या उरतात. म्हणून पहिला दिवस उन्हात, नुसता मलूल होईपर्यंत. मग छपराखाली सावलीत, आणि उलटापालट पहाटे दवाच्या ओलीत, जेव्हा पान लवचिक असतं. काडी वाकवली की तुटली पाहिजे, नुसती वाकून राहिली तर अजून ओल आहे.

ओला राहिलेला घास दडपून ठेवला तर तो आतून तापतो. सूनबाईंनी जुडीत हात घालून मला दाखवलं: मनगटापर्यंत हात आत घालायचा, बोटांना कोमट लागलं तर जुडी सोडून पसरायची. वीस टक्क्यांच्या वर ओल असली की बुरशीला आमंत्रण असतं, आणि ती आत धरते, बाहेरून दिसत नाही.

या बुरशीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण वाळवण आणि दूध यांचा धागा इथं सगळ्यांत घट्ट आहे. नीट न वाळलेल्या भुईमुगाच्या शेंगा, मका, पेंड यांच्यावर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन तयार करते. शेंगांची ओल आठ-नऊ टक्क्यांपर्यंत खाली आणून मगच पोत्यात भराव्यात, हे त्यासाठीच. घरोघरची सवय मात्र अशी की माणसाच्या कामातून गेलं ते जनावराला. काळे पडलेले दाणे, बुरसटलेली भाकरी, खवट वास येणारी पेंड शेरडापुढं जाते. शेळीच्या पोटात गेलेल्या त्या विषाचा काही भाग एम-1 या रूपात दुधात उतरतो. दूध उकळल्यानं तो जात नाही. दुधात त्याची मर्यादा देशाच्या अन्नसुरक्षा नियमांनी किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम ठरवली आहे, पण ती तपासणी डेअरीच्या टँकरची. वस्तीवरच्या पातेल्यातलं दूध कोण तपासणार? आणि ते दूध पिणारं घरातलं सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत म्हातारं माणूस. म्हणून ज्या बाईनं शेंगा दोन दिवस जास्त वाळवल्या आणि काळे दाणे उकिरड्यात पुरले, तिनं आपल्या नातवंडाचं दूध राखलं. मला हे या सगळ्या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही.

फाल्गुन-चैत्रात बाभळीच्या शेंगा पिकतात. मुलं आकडीनं फांद्या हलवतात, खाली शेंगांचा सडा पडतो. त्या उन्हात आणखी दोन-तीन दिवस घालून पोत्यात भरतात, आणि पोतं हललं की बियांचा आवाज येतो. त्या आवाजावर गोठ्यातली शेरडं एकदम उठून उभी राहतात. उन्हाळ्यात बाकी काही नसलं तरी मूठ-दोन मूठ शेंगांवर शेरडू तग धरतं. फुकटचा खुराक आहे. कष्ट मात्र फुकटचे नाहीत.

मग येतात कुरडया. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी आंबूस वास सुटतो, दाणा चिमटीत दाबला की आतला पांढरा चीक बाहेर येतो. मग वाटायचा, पाणी घालून गाळायचा, चीक रात्रभर खाली बसू द्यायचा आणि पहाटे वरची पिवळट निवळ अलगद ओतून टाकायची. आता पातेल्यात चिकाइतकंच पाणी, मीठ आणि हिंग उकळत ठेवायचं. इथून पुढं एका माणसाचं काम नाही. एकीनं चीक धार धरून ओतायचा, दुसरीनं लाकडी दांड्यानं अखंड घोटायचं. सून घोटत होती, सासू ओतत होती. मध्येच सून म्हणाली, "आत्या, गुठळी धरतीया." सासूबाईंनी ओतणं थांबवलं, पण दांड्यावरची नजर हलवली नाही. "हात थांबवू नगंस. जाळ कमी कर, मोडंल ती." दोन मिनिटांत गुठळी मोडली, चिकाचा रंग दुधी होता तो पारदर्शक होत गेला, दांडा जड झाला. वाफ आली, झाकण पडलं. मुलं वाट्या घेऊन उभीच होती. गरम चीक, त्यावर गूळ आणि शेरडाचं दूध. वर्षातून एकदा मिळणारी ही न्याहारी.

चीक गरम असेतोवरच सोऱ्यातून पडतो. गार झाला की घट्ट होतो आणि सोऱ्या पिळताना तळहाताची साल निघते. म्हणून उजाडायच्या आत चूल पेटलेली हवी आणि ऊन डोक्यावर यायच्या आत शेवटची कुरडई साडीवर पडलेली हवी. पण ज्या घरात शेरडं दुभती आहेत तिथं हीच वेळ धारेची. कास भरली की शेरडं ओरडतात, करडं दोरीला झटे देतात. त्या सकाळी धार उशिरा निघाली. सूनबाई हाताला लागलेला चीक धुऊन तशाच घाईनं धारेला बसल्या, आणि आत सासूबाई एकट्याच सोऱ्या पिळत राहिल्या. कुरडया करायच्या दिवशी शेजारच्या वस्तीवरची एखादी बाई पाटा-सोऱ्या घेऊन यायची, उद्या आपण तिच्याकडं जायचं, अशी रीत होती. आता शेजारची बाई मजुरीवर जाते. फेड करायला तिच्याकडं दिवस नाही.

गाळल्यावर राहतो तो गव्हाचा चोथा. त्यात तिखट, मीठ, तीळ घालून भुसवड्या घालतात. तळल्या की खुसखुशीत लागतात. त्या चोथ्यावर शेरडांचाही हक्क असतो. दरवर्षी ही वाटणी होते, आणि सासूबाई भुसवड्यांच्या बाजूनं तर सूनबाई शेरडांच्या बाजूनं असतात. ओला, आंबलेला चोथा एकदम पाटीभर घातला तर शेळीच्या पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, शेळी दगावूही शकते. म्हणून तिच्या वाट्याचा चोथा एक दिवस उन्हात कोरडा करून, भुसकटात मिसळून, मूठमूठ देतात. हेच अर्धवट वाळलेल्या कुरडयांचंही. साडीपर्यंत पोचलेलं मोकळं शेरडू पाच मिनिटांत पायलीभर गव्हाचे कष्ट फस्त करतं आणि वर आजारी पडतं. म्हणून वाळवणाभोवती बाभळीची काटी, आणि काटीपलीकडं हातात शिपटी घेऊन बसलेलं एक मूल. मे महिन्याच्या सुटीत मुलांना वस्तीवर दिलेलं हे पक्कं काम.

मिरच्या, मसाल्याचा कांदा, सांडगे यांच्याविषयी लिहिलं तर आणखी एक लेख होईल. सांडग्यांपुरतं एवढं सांगते की मटकी आणि हरभऱ्याच्या डाळीचे सांडगे घालताना इथं पीठ जाडसर ठेवतात. आमटीत टाकले की आत थोडं कणीदार लागलं पाहिजे.

उन्हाळ्यातलं आणखी एक काम असं आहे की त्यात ऊन लागत नाही, साठवलेली वैरण लागते. शेरडू आटवणं. शेळी पाच महिने गाभण असते. व्यायच्या आधी सहा ते आठ आठवडे तिचं दूध बंद करावं लागतं; कासेला विश्रांती मिळते आणि खाल्लेलं पोटातल्या पिलांच्या वाढीला जातं, कारण पिलं शेवटच्या दीड-दोन महिन्यांतच झपाट्यानं वाढतात. आटवायचं म्हणजे आधी खुराक आणि हिरवं कमी करायचं, कडबा आणि भुसकटावर आणायचं, मग दोन वेळची धार एक वेळेवर, मग एक दिवसाआड, मग बंद. काही घरांत पाणी तोडतात. ते चुकीचं आहे. माणच्या उन्हात गाभण जनावराचं पाणी तोडणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणं. कास रोज हातानं चाचपायची. कडक, गरम लागली तर कासदाह. दूध बंद झालं की मग वाळला घास आणि बाभळीच्या शेंगा पुन्हा वाढवत न्यायच्या. साठवण नसलेल्या घरी हे जमत नाही. तिथं शेरडू एक तर शेवटपर्यंत पिळलं जातं किंवा उपाशीपोटी आपोआप आटतं, आणि अशा शेरडाची करडं जन्मतःच किरकोळ निपजतात.

वाळल्या चाऱ्याचा दुसरा मोठा उपयोग पहिल्या पावसानंतर होतो. मृगात माळ हिरवा झाला की उन्हाळाभर उपाशी असलेली शेरडं कोवळ्या गवतावर तुटून पडतात. अचानक पोटभर कोवळं खाल्लं की आंत्रविषार होतो. संध्याकाळी धडधाकट असलेलं करडू सकाळी मेलेलं असतं. लस पावसाळ्याआधी टोचायची, हे एक. आणि सकाळी सोडण्यापूर्वी वाळला पाला नाहीतर भुसकट पोटात घालायचं, म्हणजे माळावर गेल्यावर अधाशीपणा राहत नाही, हे दुसरं. कोवळ्या ज्वारीच्या कोंबांत साईनाइडचं विष असतं, तेच पीक वाळल्यावर त्याचा जोर ओसरतो. इथं वाळवण जनावराचा जीव वाचवतं, म्हणून पोत्यातलं शेवटचं भुसकट मेमध्ये न संपवता मृगापर्यंत पुरवावं लागतं.

आणि पावसाआधी लेंडी. गोठ्यातली लेंडी खरवडून, उन्हात कोरडी करून ढीग घालायचा, जमीन दोन दिवस तापू द्यायची, चुना टाकायचा. ओल्या लेंडीवर पावसाळा काढला तर खूर सडतात, करडांना हगवण लागते, खोकला हटत नाही.

यंदा हे सगळं अर्ध्यावर राहिलं. या घरच्या कुरडयांचा पहिला घाणा वाळला, दुसरा साडीवर असतानाच पावसानं धरलं. पंख्याखाली घातल्या, चुलीवरच्या माळ्यावर घातल्या. तिसऱ्या दिवशी त्यांवर गुलाबी छटा आली, पाचव्या दिवशी त्या खड्ड्यात गेल्या. घासाच्या शेवटच्या कापणीच्या जुड्या आतून तापल्या. लेंडी गोठ्यातच भिजली. पिकाचं म्हणावं तर रान त्या वेळी मोकळंच होतं, त्यामुळे कागदावर या घराचं काहीच नुकसान झालं नाही.

आपल्याकडे आपत्तीच्या मदतीचे निकष स्पष्ट आहेत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर 37,500 रुपये मिळतात, शेळी किंवा मेंढी दगावली तर 4,000. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये, कापून शेतात वाळत घातलेलं पीक 14 दिवसांच्या आत अवकाळी पावसानं भिजलं तर त्या नुकसानीचाही विचार केलेला आहे. म्हणजे वाळत असलेली वस्तू ही मालमत्ता आहे, तिचं नुकसान हे नुकसान आहे, हे तत्त्व सरकारला मान्य आहे. ते शेताच्या बांधावर येऊन थांबतं. बांध ओलांडून तेच धान्य अंगणात आलं, बाईच्या हातात गेलं, की त्याचा हिशेब संपतो. भाकरीबरोबरचं चार महिन्यांचं कोरड्यास, दोन-अडीच क्विंटल चारा आणि महिनाभराची दोन बायांची मजुरी अशी बेरीज कुणी मांडली, तर ती एका शेरडाच्या 4,000 रुपयांच्या कितीतरी पुढं जाईल.

वाळवणाला पैशाचं मोल येऊ शकतं हे महाराष्ट्रानं दाखवून दिलेलं आहे. 1959 साली गिरगावातल्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं; घरी लाटायचे, घरीच वाळवायचे आणि मजुरी रोख. अलीकडे वैभव तिडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एसफोरएस टेक्नॉलॉजीज या संस्थेनं सौर वाळवणयंत्रं गावोगावच्या शेतकरी बायांपर्यंत पोचवली. 2023 चा अर्थशॉट पुरस्कार त्या कामाला मिळाला. झाकलेल्या यंत्रात धूळ नाही, माशी नाही, पावसाची सर आली तरी माल आतच. मला या कामाबद्दल आदर आहे. पण ही यंत्रं विक्रीच्या मालासाठी चालतात, कांदा, आलं, टोमॅटो यांसाठी. पाच शेरडांच्या घासाच्या जुड्या आणि घरच्या कुरडया त्यांत कोण घालणार? तिथं लागतं ते साधं, वरून झाकलेलं आणि चारी बाजूंनी वारा खेळेल असं छप्पर.

ते अवघड नाही. राज्याच्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत रोजगार हमीतून दहा शेळ्यांच्या शेडसाठी 49,284 रुपये धरले आहेत. असं शेड बांधताना छपराखाली बांबूचा माळा आणि पुढं पाच फुटांची पडवी धरली, तर वर जुड्या राहतील, खाली साड्या पसरता येतील, आणि सर आली तरी कुणाला पळावं लागणार नाही. यंदा सप्टेंबरात सीना नदीच्या पुरात सोलापूर-धाराशिवकडच्या गावांत जनावरं वाचलेल्या घरीही वैरण उरली नव्हती. बाहेरच्या जिल्ह्यांतून गाड्या भरून चारा पाठवावा लागला. उंचावरचा माळा तिथंही कामाला आला असता. 2026 हे संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय. भाषणं होतील, सत्कार होतील. त्या वर्षात शेळीशेडच्या अंदाजपत्रकात माळ्याचे चार बांबू वाढले आणि पंचनाम्याच्या कागदावर वाळवणाचा एक रकाना आला, तर वस्तीवरच्या बाईला त्या वर्षाचा उपयोग झाला असं मी म्हणेन.

या घरानं सरकारची वाट पाहिलेली नाही. दसऱ्यानंतर मुलगा चार दिवस सुटी काढून आला, गोठ्यावरचे पत्रे पुढं ओढले, जुन्या ठिबकच्या नळ्या आणि बांबू बांधून माळा केला. तुरीला फुलं लागलीत, हरभरा पेरून झालाय. पाचांतली तीन शेरडं गाभण आहेत, त्यांचं वेत माघात येईल. कुरडयांसाठी वैशाखापर्यंत थांबायचं नाही, थंडीतच घालायच्या, असं सासू-सुनेनं मिळून ठरवलंय. नवा गहू तोवर निघालेला नसेल, म्हणून यंदाच्याच गव्हातले दहा किलो एका डब्यात कडुलिंबाचा पाला घालून बाजूला ठेवलेत. थंडीत चीक आंबायला वेळ लागतो, तेव्हा गहू तीनऐवजी चार रात्री भिजवावा लागेल. चोथा सगळा शेरडांना, कारण ती तेव्हा ओली बाळंतीण असतील. भुसवड्या पुढच्या वर्षी.